घरगुती यंत्रातील अंडी उबवणी : अडचणी आणि हानी

घरगुती यंत्रातील अंडी उबवणी म्हणजे खुडूक कोंबडीच्या आधाराशिवाय, विजेवर चालणाऱ्या लहान उबवणी यंत्रात अर्थात इन्क्युबेटरमध्ये फलित अंड्यांतून पिल्ले मिळवणे होय. या पद्धतीत ठेवलेल्या सर्वच अंड्यांतून पिल्ले बाहेर येत नाहीत. काही अंडी मुळातच वांझ असतात, काहींतील गर्भ पहिल्या आठवड्यात मरतात, तर काही पिल्ले पूर्ण वाढ होऊनही कवचाच्या आतच दगावतात. या हानीची कारणे अंड्यात, यंत्रात, परिसराच्या हवामानात किंवा हाताळणीत असू शकतात.

कोंबडीच्या अंड्याचा उबवणीकाळ २१ दिवसांचा असतो. बदकाच्या अंड्याला साधारणपणे २८, तर लाव्याच्या अंड्याला १७ ते १८ दिवस लागतात. प्रस्तुत लेखातील आकडे, वेगळा उल्लेख नसल्यास, कोंबडीच्या अंड्यांविषयी आहेत.

पार्श्वभूमी

कोंबडीविना अंडी उबवण्याची कला प्राचीन आहे. इजिप्तमध्ये शेणखताच्या उबेत अंडी उबवली जात असल्याचा उल्लेख ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटलने केला आहे. तेथील मातीच्या भट्ट्यांमध्ये हजारो अंडी एका वेळी उबवली जात आणि कारागीर अंडे पापणीला लावून उष्णतेचा अंदाज घेत. फ्रेंच शास्त्रज्ञ रेओम्यूर याने १७४९ मध्ये कृत्रिम उबवणीवर ग्रंथ प्रसिद्ध केला. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यातील पेटालुमा येथे लायमन बाइस याने १८७९ मध्ये तयार केलेल्या यंत्रापासून तेथील कुक्कुटव्यवसायाला मोठी चालना मिळाली.

महाराष्ट्रात परसातील कोंबडीपालनात आजही खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवण्याची पद्धत आहे. मात्र कोंबडी खुडूक होण्याची वाट पाहावी लागते आणि त्या काळात तिचे अंडी घालणे थांबते. त्यामुळे गिरिराज, वनराज, कडकनाथ अशा पक्ष्यांची पिल्ले हवी असणारे अनेक जण लहान यंत्रांकडे वळले आहेत. थर्माकोलची पेटी, विजेचे दिवे, छोटा पंखा आणि थर्मोस्टॅट यांपासून घरी बनवलेली यंत्रेही प्रचलित आहेत.

खुडूक कोंबडी आपल्या शरीराने ऊब देते, चोचीने अंडी वारंवार फिरवते, थोडा वेळ उठून त्यांना हवा मिळू देते आणि पुन्हा बसते. ही सर्व कामे यंत्राला व ते चालवणाऱ्याला करावी लागतात. त्यांपैकी एखादे काम चुकले, तर त्याचा परिणाम बहुधा लगेच न दिसता दोन-तीन आठवड्यांनी प्रकट होतो. घरगुती उबवणीतील हानीचे कारण शोधणे त्यामुळेच कठीण जाते.

यशाचे मोजमाप

उबवणीचे यश दोन प्रकारे मोजतात. पहिल्या प्रकारात एकूण ठेवलेल्या अंड्यांशी आणि दुसऱ्यात केवळ फलित अंड्यांशी पिल्लांचे प्रमाण काढले जाते. उदाहरणार्थ, यंत्रात २४ अंडी ठेवली, त्यांतील ४ वांझ निघाली, ५ अंड्यांतील गर्भ मेले आणि १५ पिल्ले बाहेर आली, तर एकूण अंड्यांवरील प्रमाण ६२.५ टक्के आणि फलित अंड्यांवरील प्रमाण ७५ टक्के होते. पहिला आकडा कळप आणि यंत्र या दोहोंविषयी सांगतो. दुसऱ्या आकड्यावरून उबवणी कशी झाली याची कल्पना अधिक नेमकी येते. वांझ अंड्यांचा दोष यंत्राला देणे आणि यंत्राचा दोष कोंबड्याला देणे या दोन्ही चुका हा भेद न केल्याने होतात.

अंड्यांशी संबंधित कारणे

*वांझ अंडी.* दुकानात खाण्यासाठी मिळणारी अंडी बहुधा कोंबडा नसलेल्या व्यावसायिक कळपातील असतात. ती उबत नाहीत. परसातील कळपातही कोंबडा म्हातारा, आजारी किंवा कोंबड्यांच्या संख्येच्या मानाने अपुरा असेल तर वांझ अंड्यांचे प्रमाण वाढते. साधारणपणे आठ ते दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा ठेवतात.

*साठवण.* अंडी घातल्यापासून सात दिवसांच्या आत ती यंत्रात ठेवणे उत्तम समजले जाते. त्यानंतर दर दिवसागणिक उबवणक्षमता घटत जाते. साठवणीसाठी १२ ते १८ अंश सेल्सिअस तापमान योग्य असते. सुमारे २१ अंशांच्या वर गर्भाची वाढ अत्यंत मंद व अनियमितपणे सुरू होऊ शकते. उन्हाळ्यात ३५ ते ४० अंशांच्या खोलीत पाच-सहा दिवस ठेवलेल्या अंड्यांतील गर्भ यंत्रात जाण्यापूर्वीच दुबळा झालेला किंवा मेलेला असतो. याउलट घरगुती शीतकपाटातील तापमान फार कमी असते आणि तेथे दीर्घकाळ ठेवलेली अंडीही उबवणीस निकृष्ट ठरतात.

*वाहतूक.* बसने किंवा कुरियरने दूरवरून मागवलेल्या अंड्यांमध्ये हादऱ्यांमुळे रुंद टोकाकडील हवेची पोकळी सुटी होते आणि अंडे हलवले की ती जागा बदलते. कवचाला पडलेले केसासारखे बारीक तडेही डोळ्यांना सहज दिसत नाहीत. अशी अंडी यंत्रात ठेवण्यापूर्वी रुंद टोक वर करून १२ ते २४ तास स्थिर ठेवतात. तरीही त्यांतून मिळणारी पिल्ले ताज्या, जवळच्या अंड्यांपेक्षा कमीच असतात.

*आहार.* गर्भाची सर्व पोषणद्रव्ये अंड्यातूनच येतात. पैदाशीच्या कोंबड्यांना रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाचा पुरवठा अपुरा झाला, तर गर्भाची पिसे गुठळीसारखी राहतात आणि पिल्लांची बोटे आत वळतात. मँगेनीजच्या अभावी पाय आखूड राहून चोच पोपटासारखी वाकते. केवळ तांदळाच्या कण्या किंवा ज्वारीवर पोसलेल्या कोंबड्यांच्या अंड्यांत असे दोष संभवतात.

*आनुवंशिक कारणे.* जवळच्या नात्यातील पक्ष्यांचा पिढ्यानपिढ्या संकर होत राहिल्यास उबवणक्षमता घटते. काही जनुके दोन्ही पालकांकडून एकत्र आली तर घातक ठरतात. कोंबड्यांतील अत्यंत आखूड पायांचे जनुक आणि बदकांतील तुऱ्याचे जनुक ही याची प्रसिद्ध उदाहरणे आहेत. अशा जोड्यांच्या अंड्यांपैकी साधारण चतुर्थांश गर्भ यंत्र निर्दोष असूनही जगू शकत नाहीत.

यंत्राशी संबंधित कारणे

*तापमान.* पंखा असलेल्या यंत्रात ३७.५ ते ३७.८ अंश सेल्सिअस तापमान राखले जाते. पंखा नसलेल्या यंत्रात वरच्या व खालच्या थरांत फरक पडतो. म्हणून तेथे अंड्यांच्या वरच्या पातळीवर सुमारे ३८.३ ते ३८.९ अंश तापमान ठेवतात. जास्त तापमान कमी तापमानापेक्षा अधिक घातक असते. काही तास उबेत खंड पडला तर गर्भाची वाढ मंदावते आणि पिल्ले उशिरा येतात. परंतु तापमान ४०.५ अंशांच्या वर गेले, तर थोड्या वेळातही गंभीर इजा होते.

यंत्रावर दिसणारा आकडा नेहमीच खरा असतो असे नाही. स्वस्त थर्मोस्टॅटमध्ये अर्धा ते एक अंशाची चूक असू शकते आणि एकवीस दिवस टिकणारी तेवढी चूक हानीस पुरेशी असते. म्हणून कोमट पाण्यात ताप मोजण्याचा विश्वसनीय तापमापक आणि यंत्राचा संवेदक एकत्र बुडवून दोन्ही आकड्यांची तुलना करतात. मात्र त्यासाठी संवेदक पाण्यात चालणारा असावा लागतो. यंत्र खिडकीजवळ ठेवल्यास थेट उन्हाने पेटी तापते. शिवाय घरगुती थर्मोस्टॅट फक्त उष्णता बंद करू शकतो, थंडावा देऊ शकत नाही. विदर्भात एप्रिल-मे महिन्यांत खोलीचेच तापमान ४० अंशांच्या पुढे गेले, तर दिवा विझूनही अंडी तापतच राहतात.

*आर्द्रता.* कवचावर हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून पाण्याची वाफ बाहेर पडते आणि हवेची पोकळी मोठी होत जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन साधारण ११ ते १३ टक्क्यांनी घटणे अपेक्षित असते. म्हणजे ५० ग्रॅमचे अंडे सुमारे ४४ ग्रॅमचे होते. यासाठी पहिले अठरा दिवस सापेक्ष आर्द्रता ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के ठेवतात.

आर्द्रता अति झाली तर पोकळी लहान राहते, पिल्लू फुगीर होते आणि त्याला पहिला श्वास घेण्यास जागा उरत नाही. आर्द्रता फार कमी पडली तर आतला पापुद्रा वाळून पिल्लाला चिकटतो आणि त्याला वळता येत नाही.

बाहेरची हवा यंत्रात तापली की तिची सापेक्ष आर्द्रता घटते. कोकणात पावसाळ्यात २७ अंश तापमान व ९० टक्के आर्द्रता असलेली हवा ३७.५ अंशांपर्यंत तापल्यावर तिची आर्द्रता सुमारे ५० टक्के उरते. म्हणजे पहिल्या अठरा दिवसांत पाण्याची वाटी ठेवण्याची गरज जवळजवळ नसते. हिवाळ्यात १५ अंश व ६० टक्क्यांची हवा मात्र यंत्रात केवळ १६ टक्क्यांच्या आसपास येते. त्यामुळे एका गावात यशस्वी झालेली पद्धत दुसऱ्या गावात किंवा दुसऱ्या ऋतूत जशीच्या तशी उपयोगी पडत नाही. आर्द्रतामापक नसेल किंवा त्यावर विश्वास नसेल, तर अंड्यांचे वजन करणे हा अधिक भरवशाचा मार्ग आहे.

*अंडी फिरवणे.* अंडी न फिरवल्यास गर्भ कवचालगतच्या पापुद्र्याला चिकटू शकतो आणि पोषण पुरवणाऱ्या रक्तवाहिन्यांचे जाळे नीट पसरत नाही. पहिल्या आठवड्यात हे सर्वाधिक महत्त्वाचे असते. हाताने फिरवताना दिवसातून किमान तीन वेळा, शक्य तर पाच वेळा फिरवतात. विषम संख्येमुळे रात्रीच्या दीर्घ काळात अंडे दररोज त्याच बाजूवर राहत नाही. एका बाजूवर फुली व दुसरीवर गोल अशी पेन्सिलीची खूण करण्याची रीत आहे. अठराव्या दिवसापासून फिरवणे थांबवतात. अंडी उभी ठेवायची असल्यास रुंद टोक नेहमी वर असावे लागते.

*वायुवीजन.* वाढत्या गर्भाला प्राणवायू लागतो आणि शेवटच्या दिवसांत ही गरज खूप वाढते. आर्द्रता टिकावी म्हणून पेटीची भोके बंद करणे ही सर्रास आढळणारी चूक असून त्यामुळे पूर्ण वाढलेली पिल्ले गुदमरतात. आर्द्रता वाढवण्यासाठी भोके न बुजवता पाण्याच्या भांड्याचा पृष्ठभाग वाढवावा लागतो.

*वीजपुरवठा.* ग्रामीण भागात भारनियमन आणि पावसाळ्यातील बिघाड ही हानीची प्रमुख कारणे आहेत. वीज गेल्यास झाकण न उघडता पेटीभोवती गोधडी किंवा पोते गुंडाळतात. हवेची भोके मात्र मोकळी ठेवतात. उबवणीच्या उत्तरार्धात गर्भ स्वतः उष्णता निर्माण करत असल्याने भरलेले यंत्र लवकर थंड होत नाही. काही तासांच्या खंडानंतर अंडी लगेच टाकून न देता चार-पाच दिवसांनी प्रकाशात तपासणे योग्य ठरते. एकच दिवा असलेल्या पेटीत तो रात्री निकामी झाला तर संपूर्ण घाणा वाया जाऊ शकतो. म्हणून कमी क्षमतेचे दोन दिवे लावणे अधिक सुरक्षित असते.

गर्भमृत्यूचे कालखंड

उबवणीतील मृत्यू एकवीस दिवसांत सारखे विभागलेले नसतात. त्यांचे दोन ठळक कालखंड आढळतात. पहिला कालखंड तिसऱ्या ते पाचव्या दिवसादरम्यानचा असतो. या वेळी हृदय व रक्ताभिसरण आकार घेत असते. जुनी अंडी, साठवणीतील उष्णता, हादरे आणि सुरुवातीचे अति तापमान यांचे परिणाम येथे दिसतात.

दुसरा कालखंड अठराव्या दिवसापासून पुढचा असतो. या वेळी पिल्लू डोके रुंद टोकाकडे वळवते, उरलेला पिवळा बलक पोटात ओढून घेते आणि रक्तवाहिन्यांद्वारे होणारा श्वसनव्यवहार सोडून फुप्फुसांनी श्वास घेऊ लागते. यांतील एखादा टप्पा चुकला तर पूर्ण वाढलेले पिल्लू आतच मरते. मधल्या काळात मृत्यू तुलनेने कमी असतात. ते जास्त आढळल्यास पालक पक्ष्यांचा आहार किंवा जंतुसंसर्ग यांचा विचार करावा लागतो.

प्रकाशात तपासणी

अंधाऱ्या खोलीत विजेरीच्या झोतासमोर अंडे धरून आतील स्थिती पाहतात. सातव्या दिवशी फलित अंड्यात गडद ठिपका व त्यापासून पसरलेले कोळ्याच्या जाळ्यासारखे तांबडे धागे दिसतात. वांझ अंडे एकसारखे पारदर्शक दिसते. सुरुवातीला मेलेल्या गर्भाच्या अंड्यात रक्ताचे कडे दिसते. वांझ व मृत अंडी वेळीच काढून टाकणे आवश्यक असते, कारण उष्णतेत ती कुजतात आणि आतील वायूच्या दाबाने फुटल्यास शेजारच्या सर्व अंड्यांवर जंतू पसरतात. घामेजलेले किंवा दुर्गंधी येणारे अंडे न हलवता, हलक्या हाताने बाहेर काढतात.

स्वच्छता

कवचावरील नैसर्गिक लेप जंतूंना अटकाव करतो. मळलेली अंडी थंड पाण्याने धुतल्यास आतील द्रव आकुंचन पावून छिद्रांतून घाण आत ओढली जाते. त्यामुळे स्वच्छ अंडी निवडणे आणि किरकोळ मळ कोरड्या कापडाने काढणे श्रेयस्कर मानतात. प्रत्येक घाण्यानंतर यंत्रातील कवचे व लव काढून ते धुवून, जंतुनाशकाने पुसून उन्हात वाळवतात. थर्माकोलच्या पेटीच्या खाचांत घाण साचत असल्याने ती निर्जंतुक करणे अवघड असते. जंतुसंसर्ग झालेल्या पिल्लांची नाभी ओली व सुजलेली राहते आणि ती पहिल्या आठवड्यात दगावतात.

पिल्लू बाहेर येताना

पिल्लू प्रथम आतील पापुद्रा फोडून हवेच्या पोकळीत श्वास घेते. त्यानंतर चोचीवरील कठीण टोकाने कवचाला बाहेरून दिसणारी पहिली टोच पडते. येथून पूर्ण बाहेर येण्यास १२ ते २४ तास लागू शकतात. या विश्रांतीच्या काळात उरलेला बलक व रक्त शरीरात शोषले जात असते. बाहेरून पाहणाऱ्याला मात्र पिल्लू अडकले आहे असे वाटते.

याच वेळी झाकण वारंवार उघडल्यामुळे हानी होते. ओलसर हवा बाहेर जाते, टोच पडलेल्या अंड्यातील पापुद्रा वाळतो आणि पिल्लू खरोखरच अडकते. म्हणून अठराव्या दिवसानंतर यंत्र शक्यतो उघडत नाहीत.

पिल्लाला हाताने मदत करावी की नाही, याविषयी पालनकर्त्यांत मतभेद आहेत. घाईने कवच सोलल्यास रक्तवाहिन्या तुटून पिल्लू रक्तस्रावाने मरते किंवा बलक शरीराबाहेर राहतो. दुसरीकडे, टोच अरुंद टोकाला पडली असेल किंवा पापुद्रा कागदासारखा वाळून पिवळट झाला असेल, तर मदतीविना पिल्लू वाचण्याची शक्यता कमी असते. पहिल्या टोचीनंतर २४ तासांत काहीही प्रगती नसेल तरच कोमट पाण्याने पापुद्रा ओला करून कवचाचा थोडा भाग काढतात आणि रक्त दिसताच थांबतात. अशा पिल्लांपैकी काही पुढे सुदृढ वाढतात. काहींत मात्र बाहेर येऊ न शकण्याचे मूळ कारणच अशक्तपणा किंवा व्यंग असते आणि ती थोड्या दिवसांत दगावतात.

उबवणीनंतरची हानी

पिल्ले अंगावरची लव सुकेपर्यंत यंत्रातच राहू देतात. पोटातील बलकामुळे ती पहिले ४८ तास अन्नपाण्याविना राहू शकतात. त्यामुळे त्यांना काढण्याची घाई करून मागे राहिलेली अंडी धोक्यात घालण्याचे कारण नसते. पहिल्या आठवड्यात त्यांना ३२ ते ३५ अंश उबेची गरज असते व पुढे दर आठवड्याला ती सुमारे तीन अंशांनी कमी करतात. दिव्याखाली गर्दी करणारी पिल्ले गारठलेली, तर कडेला पसरून धापा टाकणारी पिल्ले उष्णतेने त्रासलेली असतात.

गुळगुळीत वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय फाकतात. म्हणून खाली तांदळाचे तूस किंवा खडबडीत कापड घालतात. पाण्याच्या भांड्यात खडे टाकल्यास पिल्ले बुडत नाहीत. व्यावसायिक केंद्रांत पहिल्याच दिवशी मॅरेक्स रोगाची लस दिली जाते. घरगुती पिल्लांना ती बहुधा मिळत नाही. राणीखेत रोगावरील लस पहिल्या आठवड्यात देण्याबाबत जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारणा करणे हितावह असते.

न उबलेल्या अंड्यांवरून निदान

बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी फोडून पाहिल्यास पुढील घाण्यासाठी उपयुक्त माहिती मिळते. त्यापूर्वी त्यांत जिवंत पिल्लू नसल्याची खात्री प्रकाशात पाहून व कानाशी धरून करतात.

| आढळणारी स्थिती | संभाव्य कारण |
|---|---|
| गर्भाचा मागमूस नाही | वांझ अंडे. कोंबडा अपुरा किंवा आजारी |
| रक्ताचे कडे | जुनी अंडी, साठवणीतील उष्णता, सुरुवातीचे अति तापमान |
| पूर्ण वाढलेले, ओले व फुगीर पिल्लू | आर्द्रता अति |
| पापुद्रा चिकटलेले, सुकलेले पिल्लू | आर्द्रता कमी, यंत्र वारंवार उघडणे |
| डोके अरुंद टोकाकडे | अंडी उलटी ठेवणे, फिरवण्यात कसूर |
| पिल्ले १९-२० व्या दिवशी, नाभी न मिटलेली | तापमान जास्त |
| पिल्ले २२-२३ व्या दिवशी, सुस्त व मोठ्या पोटाची | तापमान कमी, वीजपुरवठ्यात खंड |
| काळे, दुर्गंधीयुक्त द्रव्य | जंतुसंसर्ग, तडा गेलेले किंवा मळके अंडे |

एकाच लक्षणाची एकाहून अधिक कारणे असू शकतात. म्हणून तापमान, आर्द्रता, अंड्यांचे वजन, वीज गेल्याच्या वेळा व अंडी घातल्याच्या तारखा यांची नोंदवही ठेवल्याशिवाय निदान खात्रीशीर होत नाही.

प्रचलित समजुती

मेघगर्जनेने अंड्यांतील गर्भ मरतात ही समजूत अनेक देशांत आढळते. वादळाच्या वेळी वीज जाणे व तापमान घसरणे ही हानीची खरी कारणे असू शकतात. अंड्याच्या लांबट किंवा गोल आकारावरून कोंबडा-कोंबडी ओळखता येते ही समजूतही निराधार आहे. पक्ष्यांत लिंगनिश्चिती मादीकडून येणाऱ्या गुणसूत्रावर अवलंबून असते आणि ती कवच तयार होण्यापूर्वीच झालेली असते. सर्वसाधारणपणे निम्मी पिल्ले नर निघतात; अंड्यांसाठी कोंबड्या हव्या असणाऱ्यांनी यंत्र भरण्यापूर्वीच या नरांच्या संगोपनाचा विचार करणे आवश्यक ठरते.

हेही पहा

* कुक्कुटपालन
* कडकनाथ
* राणीखेत रोग
* भ्रूणविज्ञान